फिरता कॅमेरा आणि बसलेली सत्ता

१

पुंडलिकनगरातील आमच्या घराच्या दर्शनी खोलीत एक लांबट छायाचित्र आहे. उंची जेमतेम आठ इंच, लांबी साडेतीन फुटांहून थोडी अधिक. १९६० नंतरच्या दशकात मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी एका मंत्रिमहोदयांच्या हस्ते एका कार्यालयाच्या इमारतीचे उद्घाटन झाले, त्या प्रसंगी ते काढलेले आहे. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर मंत्री, अधिकारी आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी; त्यांच्यामागे उभे असलेले कारकून, ग्रामसेवक, शिक्षक; त्यांच्याही मागे बाकांवर चढलेली माणसे; आणि दोन्ही टोकांना शिपाई. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्या कार्यालयात शिपाई होते. छायाचित्रात ते दोनदा आहेत. डाव्या टोकाला पांढरी टोपी घालून, हात शरीराला चिकटवून, ताठ उभे. आणि उजव्या टोकाला हातात एक खुर्ची घेऊन, अर्धवट वाकलेले, किंचित पुसट.

लहानपणी मला हा चमत्कार वाटे. महाविद्यालयात शिकू लागल्यावर त्याची लाज वाटू लागली. साहित्याच्या अध्यापनात बरीच वर्षे घालवल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की, सत्तेच्या चित्रणाविषयी मी जे काही वाचले आणि शिकवले त्यातील बराचसा भाग या साडेतीन फुटांत आधीच होता. मला तो वाचता येत नव्हता, इतकेच. छायाचित्राच्या उजव्या टोकाजवळ एक उभी घडी आहे. तिच्याविषयी पुढे लिहावे लागणार आहे.

२

असे छायाचित्र ज्या यंत्राने काढतात त्याला सर्कट कॅमेरा म्हणत. विल्यम जॉन्स्टन याने १९०४ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि पुढे ईस्टमन कोडॅक कंपनीने तो अनेक वर्षे बनवला. त्याची रचना घड्याळासारखी असते. चावी दिली की तिवईवरील दातेरी चाकावरून कॅमेरा आपोआप डावीकडून उजवीकडे वळत जातो आणि त्याच वेळी आतली फिल्म एका अरुंद उभ्या फटीमागून सरकत राहते. म्हणजे चित्र एका क्षणात उमटत नाही. ते उभ्या पट्ट्यापट्ट्यांनी उमटते. डाव्या टोकाचा माणूस आणि उजव्या टोकाचा माणूस यांच्यामध्ये अंतर आहे तसा वेळही आहे. छायाचित्रकार कळ दाबतो आणि बाजूला होतो; पुढचे काम यंत्र करते.

या यंत्राच्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली रांगेविषयी. छायाचित्रात मंत्रिमहोदयांची रांग ओळंब्यात बसवल्यासारखी सरळ दिसते. प्रत्यक्षात ती सरळ नव्हती. फिरता कॅमेरा सरळ रांग टिपू लागला तर मधली माणसे मोठी आणि टोकाची लहान येतात. म्हणून सर्वांना कॅमेऱ्याभोवती कमानीत बसवावे लागते. कागदावर ही कमान उलगडून सरळ होते. मंत्र्यांना वाटत होते की सर्व जण आपल्या दोन्ही बाजूंना बसले आहेत; वस्तुतः मंत्र्यांसह सर्व जण एका तिवईभोवती बसले होते.

दुसरी गोष्ट अण्णांच्या दुहेरी अस्तित्वाची. ज्या शाळांतून या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली जात तेथील व्रात्य मुलांना हे गुपित ठाऊक असे : कॅमेरा आपल्यावरून पुढे गेला की रांगेमागून धावत दुसरे टोक गाठायचे आणि पुन्हा उभे राहायचे. अण्णा मात्र गंमत म्हणून धावले नव्हते. मी एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "माझ्यावरून कॅमेरा गेला, म्हणजे माझं झालं असं वाटलं. तिकडं पाहुण्यांच्या खुर्च्या उचलायच्या होत्या. त्या कोण उचलणार?"

या उत्तरात एक संपूर्ण समाजरचना आहे. ज्याच्यावरून कॅमेरा पुढे सरकला त्याच्यासाठी समारंभ संपला आणि काम सुरू झाले. मंत्र्यांवरूनही कॅमेरा सरकलाच होता. पण ते बसून राहिले, कारण समारंभ त्यांच्यासाठीच होता. एकाच कालावधीचे हे दोन अनुभव एकाच कागदावर उमटले, ते यंत्राला समारंभाचा मानकरी कोण हे ठाऊक नसल्यामुळे.

३

पॅनोरामा हा प्रकार सत्तेच्या शेजारीच जन्माला आला. एडिंबरोत राहणारा चित्रकार रॉबर्ट बार्कर याने वर्तुळाकार चित्राच्या कल्पनेचे पेटंट १७८७ मध्ये घेतले. त्याच वर्षी जेरेमी बेंथम रशियातून आपल्या आदर्श तुरुंगाविषयीची पत्रे लिहीत होता. एका रचनेत मध्यभागी उभा असलेला प्रेक्षक भोवतालचे जग पाहतो. दुसरीत मध्यभागी बसलेला पहारेकरी भोवतालच्या कोठड्या पाहतो. मिशेल फूको याने १९७५ च्या आपल्या ग्रंथात बेंथमच्या तुरुंगाची चर्चा करताना एका तळटीपेत बार्करच्या पॅनोरामाचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे फूको भरपूर उद्धृत झाला, ही तळटीप मात्र फारशी कोणी उचलली नाही.

सत्तेने या प्रकाराचा उपयोग लगेच करून घेतला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर याने त्या हल्ल्याचे शंभराहून अधिक फूट लांबीचे अर्धवर्तुळाकार चित्र लंडनमध्ये मांडले. लंडनकर त्या चित्रासमोर उभा राही तेव्हा तो जिंकणाऱ्यांच्या जागी उभा असे. हाताने रंगवलेल्या दृश्यपटात प्रेक्षकाची जागा चित्रकाराने आधीच ठरवलेली असते आणि चित्रातील प्रत्येक माणसाचे मोलही. कोण ठळक, कोण धूसर, कोण केवळ गर्दी, याचा निर्णय कुंचला करतो. यांत्रिक दृश्यपटात हा निर्णय पूर्णपणे कुणाच्याच हाती राहत नाही.

सत्तेला हे प्रथम कळले तो प्रसंग एका मराठी राजाच्या वाट्याला आला. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला. संस्थानिकांनी एकेक करून सम्राटासमोर जायचे, मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचे, असा शिरस्ता होता. आमचे हे शहर त्या वेळी ज्याच्या राज्यात होते तो हैदराबादचा निजाम आधी गेला. त्याच्यानंतर बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. ते एकदाच लवले आणि वळून चालू लागले. दरबाराचे चित्रीकरण चालू होते. ती फिल्म लंडनच्या पडद्यांवर गेली आणि त्या काही क्षणांवर मोठे वादळ उठले. हा राजद्रोही उद्दामपणा, असे इंग्रज वृत्तपत्रांनी ठरवले. सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना खुलाशाचे आणि दिलगिरीचे पत्र लिहिले. पुढे राष्ट्रीय विचारांच्या मंडळींना त्याच क्षणांत स्वाभिमान दिसला.

आपल्या अभ्यासक्षेत्राला या प्रसंगात बरेच काही आहे. कर्त्याचा हेतू हा अर्थाचा निकष होऊ शकत नाही, असे विम्झट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये मांडले, तो प्रश्न साम्राज्यासमोर पस्तीस वर्षे आधीच उभा राहिला होता. फिल्मवर एक पाठ दिसत होती. तिच्यात गोंधळ होता की अवज्ञा, हे फिल्म सांगत नव्हती आणि सांगू शकतही नव्हती. दरबाराचे चित्र चितारायला एखादा चित्रकार बसवला असता तर ती पाठ त्याने बहुधा वगळली असती. कॅमेऱ्याने ती ठेवली. सम्राटाचे वैभव टिपण्यासाठी लावलेल्या यंत्राने सम्राटाच्या समारंभाची नाजूक शिवण उघडी केली : एवढा मोठा डोलारा एका माणसाच्या तीन पावलांवर अवलंबून होता.

४

कॅमेऱ्याचे हे आंधळे इमान कलावंतांनी जाणीवपूर्वक हाताशी धरले ते एकविसाव्या शतकात. येथे दोन उदाहरणे शेजारी ठेवली पाहिजेत, कारण त्यांची गल्लत होते.

२० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांचा शपथविधी झाला. डेव्हिड बर्गमन या छायाचित्रकाराने कठड्यावर एका स्वयंचलित जोडणीवर साधा, खिशात मावेल असा कॅमेरा बसवला. मंगळावर उतरलेल्या यानांच्या दृश्यपटांसाठी जे तंत्र घडले त्यातून ही जोडणी तयार झाली होती. कॅमेऱ्याने क्रमाक्रमाने २२० छायाचित्रे घेतली आणि संगणकाने ती जोडून १,४७४ मेगापिक्सेलचे एक चित्र केले. जगभरातील लोकांनी ते मोठे करून न्याहाळले, पण त्यांनी न्याहाळले ते बोलणारे अध्यक्ष नव्हते. डोळे मिटलेले एक न्यायमूर्ती त्यांना सापडले. स्वतःच फोनने छायाचित्र घेणारा चेलोवादक यो-यो मा सापडला. आणि हजारो सामान्य माणसांनी त्या गर्दीत स्वतःला शोधले. जुन्या राजचित्रांत गर्दी राजाला मोठे करण्यासाठी असे. येथे गर्दीतील प्रत्येक चेहरा राजाइतकाच स्पष्ट होता.

दुसरे उदाहरण स्विस कलावंत ज्यूल्स श्पिनाच याचे. तो दावोसमध्येच जन्मला. जेथे दरवर्षी जगातील धनवान आणि राज्यकर्ते जमतात त्या आपल्या गावात त्याने जानेवारी २००३ मध्ये पाळतीसाठी वापरतात तसले कॅमेरे लावले. ठरवून दिलेल्या मार्गाने ते स्वतः फिरत राहिले आणि पहाटेच्या अंधारापासून सकाळच्या उजेडापर्यंत, सुमारे तीन तासांत, त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे घेतली. ती ज्या क्रमाने घेतली त्याच क्रमाने शेजारीशेजारी मांडून एक दृश्यपट झाला. त्यात काय दिसते? बर्फ, रिकामे रस्ते, कुंपणे, उभे असलेले पोलीस, थांबलेल्या मोटारी. ज्यांच्यासाठी हे सर्व होते ते जवळजवळ दिसतच नाहीत. पुढे २००६ मध्ये त्याने तुलूझच्या नगरपरिषदेची बैठक याच पद्धतीने टिपली आणि त्या कामाला नाव दिले ते न आलेल्या एका माणसावरून : 'फाब्र आले नाहीत'. २००९ मध्ये व्हिएन्नाच्या ऑपेरा नृत्योत्सवाची एका रात्रीत १०,००८ चित्रे झाली.

बर्गमनच्या चित्रात सांधे मिटवलेले आहेत. संगणक ते अशा कौशल्याने जुळवतो की अनेक मिनिटे एका क्षणासारखी भासतात. श्पिनाच सांधे राखतो. त्याच्या चित्रात शेजारच्या दोन चौकटींमध्ये वेळ गेलेला दिसतो : एकीत माणूस आहे, दुसरीत त्याचा खांदा असायला हवा तेथे भिंत आहे. बर्गमन आपल्याला सत्तेच्या समारंभाचे चेहरे देतो. श्पिनाच सत्तेला लागणारा वेळ देतो. ती वाट पाहायला लावते, रस्ते अडवते, माणसे ताटकळत उभी करते आणि मग स्वतः पाच मिनिटांसाठी येते किंवा येतही नाही. म्हणून दुसऱ्याला मी सत्तेचे व्यक्तिचित्र म्हणतो, जरी त्यात व्यक्ती नसली तरी.

आपल्याकडे याच काळात तिसरी दृष्टी रूढ झाली : वरून पाहण्याची. कोपर्डीच्या घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी याच शहरात पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला. नेते मागे, मुली पुढे, घोषणा नाहीत. मी क्रांती चौकाच्या कडेला उभा राहून तो पाहिला. माझ्या आठवणीत शांततेत घासत जाणाऱ्या चपलांचा आवाज आहे. त्यानंतर राज्यभर निघालेल्या मोर्चांची आकाशातून घेतलेली चित्रे घराघरांतील फोनवर फिरली. त्यांत रस्ते माणसांनी भरलेल्या नद्यांसारखे दिसत होते. त्या चित्रांनी संख्येला सामर्थ्याचे रूप दिले आणि राज्यकर्त्यांना ते वाचता आले, हे खरे. पण त्या उंचीवरून चेहरा दिसत नाही, मौनही दिसत नाही. बोलणारी गर्दी आणि मूक गर्दी वरून सारखीच दिसते. पुढे प्रत्येक पक्षाच्या सभेने हीच उंची पत्करली, याचे मला आश्चर्य वाटत नाही. ज्याला केवळ संख्या दाखवायची आहे त्याला ती सोयीची आहे.

५

येथे एक आक्षेप येईल, आणि माझ्या विद्यार्थ्यांनी तो घेतलेलाही आहे. यंत्र आपोआप फिरते, चित्रे आपोआप घेतली जातात. मग यात कला कोठे? निवड नसेल तर रचना नाही, रचना नसेल तर आशय नाही.

निवड आहे, मात्र ती चौकटीच्या आधी होते : तिवई कोठे ठेवायची, केव्हा सुरू करायचे, केव्हा थांबायचे, आणि एकदा सुरू केल्यावर हात आवरायचा. हा हात आवरणे हीच त्या कलेची शिस्त. त्यामुळे यंत्राला निरागस समजण्याचे कारण नाही. दिल्ली दरबारातील कॅमेऱ्याची जागाही सरकारच्या संमतीनेच ठरली होती. प्रश्न इतकाच की जागा ठरल्यानंतर जे चौकटीत आपसूक शिरते त्याचे आपण काय करतो.

शिवाय एका पटावर अनेक काळ मांडणे ही पश्चिमेकडून आलेली नवलाई नव्हे. आमच्या शहरापासून शंभरएक किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची भिंत आहे. राजा महाजनक प्रासादात राणीजवळ बसला आहे, समोर नर्तकी आहे. तोच राजा लवाजम्यासह तपस्व्याच्या भेटीस निघाला आहे. तोच आपला निश्चय सांगतो आहे. तोच घोड्यावर बसून राज्य सोडून चालला आहे. चौकटी नाहीत. विद्या देहेजिया यांनी बौद्ध कलेतील कथनपद्धतींचा विचार करताना दाखवले आहे की, अजिंठ्याच्या भिंती पुष्कळदा काळाच्या क्रमाने नव्हे तर स्थळांच्या मांडणीने कथा सांगतात. प्रासाद एका बाजूला, नगरद्वार दुसरीकडे, आणि माणूस जेथे जेथे जाईल तेथे तेथे पुन्हा उमटतो. राजा एकदाच चितारला असता तर तो केवळ राजा राहिला असता. चारदा चितारल्यामुळे सिंहासन ही त्याची एक अवस्था ठरते.

त्या भिंतीसमोर विद्यार्थ्यांना घेऊन मी अनेकदा उभा राहिलो आहे. घरच्या छायाचित्रातील दोनदा उमटलेला शिपाई आणि भिंतीवर चारदा उमटलेला राजा एकाच व्याकरणात बसतात, हे मात्र मला फार उशिरा सुचले. उशीर का झाला, याचे उत्तर त्या घडीत आहे.

६

नोकरी लागल्यावर आम्ही पुंडलिकनगरात घर घेतले. छायाचित्राला काच लावून घ्यावी असे अण्णांच्या मनात होते. शोकेसवरील जागेत ते बसत नव्हते. फ्रेमवाल्याने सुचवले, एक टोक मागे दुमडून टाकू. कोणते, असे त्याने विचारले. मी क्षणाचाही विचार न करता उजवे म्हणालो.

जागेची अडचण खरी होती, पण मी उजवे म्हणालो ते जागेसाठी नाही. डाव्या टोकाचे अण्णा टोपी घालून इतरांसारखे उभे होते. पाहुण्यांना सांगता आले असते की हे माझे वडील, सरकारी नोकरीत होते. उजव्या टोकाचे अण्णा खुर्ची उचलत होते. फ्रेम घरी आली तेव्हा अण्णांनी चष्मा लावून ती डावीकडून उजवीकडे पाहिली आणि जेथे चित्र संपत होते तेथे थोडा वेळ थांबले. म्हणाले, "बरं झालं." पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. ते गेल्यावर काही वर्षांनी मी फ्रेम उघडून चित्र पूर्ण उलगडले. घडी अण्णांच्या हातातील खुर्चीवरूनच जाते. तेथील रंग उडाला आहे आणि तो आता भरून येणार नाही.

दिल्ली दरबाराची पाठ चित्रकाराने वगळली असती, असे मी वर लिहिले आहे. माझ्या घरातील चित्रकार मीच होतो. यंत्राने जे राखले ते मी दुमडले.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका मोठ्या नेत्याची सभा होती. दोन दिवस आधी खड्डे बुजले, दुभाजकांना रंग लागला. सभेच्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तेव्हा मैदानात काही पोरे टेम्पोतून प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरवत होती. दोरी धरून रांगा सरळ करत होती. पहिल्या रांगेतील सोफ्यांवर पांढरी आच्छादने घालत होती. चौकातील खांबावर काळ्या घुमटातला कॅमेरा होता. असे कॅमेरे ठरवून दिलेल्या दिशांना क्रमाने वळतात आणि पुन्हा पहिल्या दिशेला येतात. त्याने तो सबंध दिवस टिपला असेल : सकाळची पोरे, दुपारचे पोलीस, उन्हात थांबवलेले रिक्षावाले, संध्याकाळचा ताफा, रात्री पुन्हा तीच पोरे आणि उचललेल्या खुर्च्या. श्पिनाचने दावोसला जे केले त्याहून हे चित्रण मुळीच कमी नाही. पण ते एखाद्या नियंत्रण कक्षात जाते, काही गुन्हा घडला तरच कोणी पाहते, आणि काही दिवसांनी त्यावर नवे चित्रण चढते. सत्तेचा एवढा तपशीलवार दृश्यपट आमच्या चौकात रोज तयार होतो आणि कोणी न वाचताच पुसला जातो. सभेची जी चित्रे उरली ती आकाशातून घेतलेली होती. त्यांत पोरे नव्हती.

पाळतीचे चित्रण आणि सत्तेचे व्यक्तिचित्र यांतील अंतर मला यंत्रात सापडत नाही. दोन्हीकडे यंत्र तेच आहे. अंतर आहे ते वाचण्याच्या अधिकारात. जे चित्रण केवळ सत्तेने आपल्याकडे पाहण्यासाठी आहे ती पाळत. तेच जेव्हा राखून, उलगडून, चौकटीतील माणसांसमोर मांडले जाते, तेव्हा ते सत्तेचे चित्र होते. मांडणाऱ्याचे काम तेवढ्यापुरते समीक्षकाचे आहे : टोक न दुमडणे.

छायाचित्र आता शोकेसवर नाही. समोरच्या मोकळ्या भिंतीवर आहे. परवा शेजारची लहान मुलगी आली होती. तिने बोटाने एकेक चेहरा मोजत सगळी रांग ओलांडली, मंत्र्यांपाशी न थांबता उजव्या टोकाला पोचली आणि म्हणाली, "काका, हे आजोबा तर तिकडंपण होते." मी तिला सर्कट कॅमेऱ्याविषयी सांगू लागलो. तिने मध्येच विचारले, "पण ते खुर्ची कुठं नेत होते?"

ते मी अण्णांना कधी विचारले नव्हते.